जयाचा ब्लॅक अँड व्हाइट

८ एप्रिल २००७
आचल आज हट्टालाच पेटली. लग्न महिन्यावर आलं. "बाबा, सासरी न्यायले आईचा एक तरी फोटो पाह्यजे ना!" खरंच आहे. माझ्या स्टुडिओत अर्ध्या पुलगावाने फोटो काढले, घरच्या बाईचा नाही. चेहऱ्यावर कोडाचे डाग आल्यापासून जया कॅमेऱ्यासमोर येतच नाही.

११ एप्रिल
जया तयार झाली! अट एकच — ब्लॅक अँड व्हाइट. "रंगीतमंदी डाग लय दिसते." आता सगळे डिजिटलवर गेले. फिल्मचा रोल नागपूरहून मागवावा लागेल. मागवतो! माझ्या जुन्या कॅमेऱ्याला कोणीतरी विचारलं, आपली स्वारी जाम खूश.

१७ एप्रिल
रोल आला. जयाला खिडकीच्या उजेडात बसवलं. ताठ बसली. "हस की जरा" म्हटलं, तर म्हणे, "आटपा लवकर, चुलीवरलं वरन लागन खाली."

१८ एप्रिल
रोल धुतला. सुरेख! काय डोळे आले आहेत! डिजिटलवाल्यांना सात जन्मात जमणार नाही.

२० एप्रिल
दुपारभर प्रिंटवर टचिंग केलं. बारीक ब्रश, पाण्यात कालवलेला काळा रंग. एकेक डाग भरत गेलो — कपाळ, ओठाची कड, हनुवटी. यात गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं. नवरीचे मुरूम असोत की म्हाताऱ्याच्या सुरकुत्या, टचिंग करूनच फोटो द्यायचा, ही आमची रीत. कुठे ब्रश लागला ओळखू येत नाही. वा रे पठ्ठ्या!

२१ एप्रिल
जयाने फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला.
"चांगली हाय बाई. कोन हाय?"
मी हसलो. ती हसली नाही.
"मले वाटे, तुमाले तरी हे डाग दिसत नसतीन."
आणि भाकरी टाकायला गेली. दुपारभर डोळ्याला भिंग लावून एकेक डाग शोधत बसलो होतो. मूर्ख माणूस!

२३ एप्रिल
टचिंग न केलेली प्रिंट काढून दिली. तिने पाहिलीही नाही. "राहू द्या आता." आचलही माझ्याशी धड बोलत नाही. फार वाईट वाटतं.

६ मे
आचलच्या बॅगेत फोटो दिसला. रंगीत! मायलेकी परवा बाजारात जातो म्हणून गेल्या, त्या डिजिटलवाल्याकडे गेल्या होत्या. डाग आहेत तसे, सगळेच्या सगळे. आणि जया हसते आहे — दात दिसतात इतकी!