सुलतान पसंत की चिकू?

१२ जानेवारी, रविवार
कुत्रा घ्यायचा. ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

बेलापूरच्या ऑफिसात मी नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला तरी अख्खा सेक्शन गप्प व्हायचा. दिवाळीत रिटायर झालो. आता घरात पंखा बंद करा म्हटलं तर नंदिनी म्हणते, तुम्हीच उठा की. लेक जाईचं वर्क फ्रॉम होम, तिच्या कानात दिवसभर ती बोंडं. माझं ऐकणारं घरात कोणीतरी हवं. इथे लिहायला हरकत नाही, दुपार जाता जात नाही आणि कोणी काही विचारायला येत नाही.

दोन स्थळं सांगून आलीत. एक, जाईच्या ऑफिसातला अभय कॅनडाला चाललाय, त्याचा अल्सेशियन सुलतान. (जाई जर्मन शेफर्ड म्हणते. तेच ते.) दुसरं, नंदिनीच्या भजनी मंडळातल्या करावे गावच्या गिरजाबाई. त्यांच्या डॅशहंडला पिल्लं झाली, त्यातली चिकू उरलीय. डॅशहंड म्हणजे तो बुटका, लांबलचक, पोट फरशी पुसत चालणारा. नंदिनीला तीच हवी.

माझा कल सुलतानकडे. पण दोन्हीकडे जाऊन बघणार. आपण घेणारी बाजू, घाई कसली?

१८ जानेवारी, शनिवार
आरशासमोर 'बस' आणि 'थांब'ची प्रॅक्टिस केली. आवाज अजून शाबूत आहे. जाई दारातून डोकावून म्हणाली, बाबा, कोणाला ओरडतोयस? लक्ष दिलं नाही.

१९ जानेवारी, रविवार
सीवूड्सला अभयकडे जाऊन सुलतानला बघून आलो. देखणा आहे. छाती भरदार, कान ताठ. दात जरा जास्तच दिसले.

मी सोफ्याच्या हातावर बसलो. तिथून कुत्रा नीट दिसतो. नंदिनी म्हणते मी चढून बसलो. तिची भाषाच तशी. अंगाला हातही मुद्दामच लावला नाही, पहिल्या भेटीत सलगी बरी दिसत नाही. सुलतान जाऊन नंदिनीच्या पायांवर डोकं ठेवून झोपला. बायकांना बघून कुत्रे ढिले पडतात.

खटकलं एकच. अभयच प्रश्न विचारत होता. घरी दिवसभर कोण असतं? फिरवणार कोण? याआधी कुत्रा पाळलाय? देणाऱ्या बाजूने इतकं विचारू नये. विचार करून कळवतो म्हणालो आणि भज्यांची दुसरी प्लेट संपवून निघालो.

२१ जानेवारी, मंगळवार
फोन केलेला नाही. थोडं ताणायचं असतं. अभय बिचारा वाट बघत असेल.

२६ जानेवारी, रविवार
करावे. गिरजाबाईंची स्वतःची तीन मजली बिल्डिंग, खाली त्या, वर भाडेकरू. तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी. पाहुणचाराला तोड नाही. मागून दोन बोंबील घेतले.

चिकू काही बाहेर येईना. दिवाणाखाली नुसतं नाक. शेवटी गिरजाबाईंनी उचलून आणली. आमच्या काकांनी आयुष्यभर मुली बघितल्या, त्यांची पद्धत मला पाठ आहे. म्हटलं, जरा चालून दाखवू दे. मग उंचीबद्दल विचारलं, अजून वाढेल ना? घराणं विचारलं. आई-वडिलांपैकी कोणाला काही दुखणं?

गिरजाबाई म्हणाल्या, सायेब, तुमी कुत्री न्याला आलाव का सून बगाला?

विनोदी बाई आहेत. मी मोठ्याने हसलो. दुसरं कोणी हसलं नाही. विचार करून कळवतो म्हणालो. रिक्षात नंदिनी घरापर्यंत तोंड फिरवून बसली, पोट जड झालं असावं.

३० जानेवारी, गुरुवार
निर्णय झाला. सुलतान. जाईला सांगितलं, अभयला होकार कळव.

ती म्हणाली, बाबा, सुलतान कालच पनवेलच्या एका कुटुंबाकडे गेला. अभयचं म्हणणं, काका चांगले आहेत, पण ते सोफ्यावरून उतरेचनात, सुलतानला टेन्शन आलं.

बरंच झालं. एवढा मोठा कुत्रा आपल्या लिफ्टमध्ये शोभला नसता. मी मनातून चिकूकडेच झुकलो होतो. नंदिनीला म्हटलं, गिरजाबाईंना आनंदाची बातमी दे.

रात्री, जेवणानंतर
गिरजाबाईंचा नकार.

नंदिनीने फोन स्पीकरवर ठेवला होता. गिरजाबाई म्हणाल्या, ताई, तुमाला देन्याला माजी ना नाय. पन सायेब दिवसभर घरात, नि पोरीला हातय नाय लावला त्यांनी. लांबून लांबून चुका काढीत व्हते. ती कोनाच्या आसऱ्याला राहील?

दोन्हीकडून नकार. कुत्र्यांचा. मला वाईट वाटलं, लिहून टाकतो. खूप वाईट वाटलं.

२ फेब्रुवारी, रविवार
नंदिनी एकटी करावेला जाऊन आली. माफी मागितली म्हणे, माझ्या वतीने. मी सांगितलं नव्हतं. पण अडवलंही नसतं.

गिरजाबाईंचा निरोप: सायबांना सांगा, रोज या, खाली बसा. तिचे मनान आलं त येल. आली त घेऊन जा.

म्हणजे परीक्षा. या वयात. नंदिनीला स्पष्ट सांगितलं, मी काही कोणाच्या ओटीवर ताटकळत बसणारा माणूस नाही. उद्या पाचला निघू म्हणाली. साडेचारला निघू म्हटलं, गर्दी टळेल.

५ फेब्रुवारी, बुधवार
फरशीवर बसलो. गुडघे बोलतात. चिकू दिवाणाखालून बघते. मी बघितलं की नाक आत घेते. काल 'ये' म्हणालो, माझ्या ऑफिसच्या आवाजात. चिकूची आईही दिवाणाखाली गेली. आजपासून गप्प बसायचं. गिरजाबाई माझ्या अंगावरून भाजी निवडायला जातात, चहा देतात.

८ फेब्रुवारी, शनिवार
आज बाहेर आली.

हललो नाही. श्वासही जपून. आधी नंदिनीकडे गेली, मग माझ्याकडे. बाही हुंगली, कॉलर हुंगली. मांडीवर एक पाय ठेवला. केवढासा पाय. भीती वाटत होती, पण हात मागे घेतला नाही. मग वर एका भाडेकरूने दार आपटलं आणि ती पळाली.

गिरजाबाई म्हणाल्या, उद्या या.

घरी येऊन नंदिनीला विचारलं, उद्या कोणता शर्ट घालू? निळा चांगला दिसतो की पांढरा? ती म्हणाली, आजचाच घाला, तिला त्याचा वास ओळखीचा झालाय.

तो मी धुवायच्या बादलीत टाकला होता. काढून हँगरला लावला.