मामांची वेठ

कराची बंदर,
ता. ३ आक्टोबर १९३७

ती. रघूमामांस जैतूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी खुशाल. गोदीत गोणी वाहून खांदा सोलवटलाय, पण तुमच्या घरचं अन्न खाल्लेला खांदा आहे, मोडायचा नाय. दुसरीपर्यंत शाळेत टिकलो तेही तुमी कान धरून बसवलंत म्हणून. नायतर हे पत्रसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागतं.

तुमी कायदेमंडळात निवडून गेलात, ते मी इथे आठ महिने सांगत सुटलोय. मला गोदीत ‘मेंबरांचा भाचा’ म्हणतात. पण परवा एकाने पेपर वाचून दाखवला, की मेंबर लोकांनी आपल्याच तोंडाने आपला पगार ठरवला, महिना पाऊणशेच्या घरात. सगळे हसले. रत्नागिरीचा एक बाप्या मला म्हणाला, की आपण मागितला तर दंगा नि त्यांनी मागितला तर कायदा, असं कसं रे? मला जेवण गेलं नाय. मामा, बाकीचे घेवोत, तुमी घेऊ नका. भाच्याची एवढी लाज राखा.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घाला. मामीस नमस्कार. कमळीस सांगा, तुझी फणी विसरलो नाय. माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
जैतू

उंबरमाळी,
ता. २९ आक्टोबर १९३७

चि. जैतूस मामीचे अनेक आशीर्वाद.

मी सांगते, कमळ लिहिते. फणीचं वाचून ती हसली, मग मला म्हणाली की गेल्या वर्षीही तो हेच म्हणाला होता.

तुझं पत्र येण्याआधीच मामांनी सरकारात लिहून दिलं होतं, की पगार नको. पुढं काय झालं ते ऐक. ऐन आवणीत, भात लावायच्या दिवसांत, त्यांची सभा पुण्याला. आपली सावड सात घरांशी, तुला ठाऊकच आहे: आज सगळे आपल्या शेतात, उद्या आपण त्यांच्या. सातही घरांनी येऊन आपलं शेत लावून दिलं. फेडायच्या वेळी मी नि कमळ, आमी मायलेकी गेलो, पण नांगराला पुरुष नाय. पुण्याहून आल्यावर मामांना शरम वाटली. रेडा विकला नि घरोघर मजुरी नेऊन दिली. तीच चूक झाली. संध्याकाळच्या आत सातही घरांनी पैसे परत आणून ओट्यावर ठेवले. शेजारच्या हौसाने तर सुनावलं, की आमी तुमचे मजूर कधीपासून झालो?

मामांच्या मनाला लागलं. म्हणाले, मेंबरकी सोडतो, ज्याच्या घरी चार गडी आहेत त्यानेच तिकडे बसावं. मी विचारलं, की असा सावकार मग रोपाची जमीन भाजायच्या राबासाठी आपल्याला जंगलातल्या फांद्या तोडू द्या म्हणून बोलेल का?

परवा कापणी ठरवायला सगळे आपल्या खळ्यावर जमले. तिथे मामांनी राजीनाम्याचं काढलं. कोंडूबाबा सावडीत सगळ्यांत वडील. तो म्हणाला, रघू, पुण्यात तू राबाचं बोललास तेव्हा आमचंच शेत नांगरत होतास, तुझी सावड फिटली. पण पगार का सोडलास? मामा म्हणाले, लोकांचं काम फुकट करावं. तसा बाबा काठी टेकून उठलाच. म्हणाला, साहेबाचं बोजं आमी फुकट वाहिलं त्याला वेठ म्हणतात. ती बंद कर म्हणून तुला धाडला, आणि आता आमीच तुला वेठीला धरायचा होय रे?

मग हौसाच म्हणाली, की भावोजी, पगार घ्या नि एक गडी ठेवा. सावडीला तुमच्या घरचा हात आला म्हणजे झालं, पैसा नको.

काल मामांनी पगार घेतो म्हणून लिहून दिलं. तुला कळवायला त्यांना धीर होईना, म्हणून मी कळवते. आता तू रागाव नायतर हस. अंगावर काढू नको, खांद्याला तेल लाव.

तुझी मामी
(लेखनिक कमळ. फणी शिंगाची हवी.)

कराची बंदर,
ता. १८ नोव्हेंबर १९३७

ती. मामा व ती. मामी यांस जैतूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मी खोलीत मोठ्याने वाचलं. रत्नागिरीच्या बाप्याने वेठीचं वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मामा, मी तुमच्या पगाराला लाजलो, याचीच आता लाज वाटते. तुमी मला वाढवलंत नि मी लोकांच्या हसण्याला भ्यालो. कोंडूबाबाचे पाय माझ्या वतीने धरा. हौसामावशीसही नमस्कार सांगा.

इथे भोंगा झाल्यावर मुकादम आमच्याकडून अर्धा तास गुदाम झाडून घेतो, फुकट. तीन वर्षं झाडलं, कधी मनात आलं नाय. काल मी झाडू खाली ठेवला नि म्हणालो, की ही वेठ आहे. बाप्यानेही ठेवला. मग आणखी नऊ जणांनी. मुकादमाने फक्त माझं नाव विचारलं नि सकाळी भेट म्हणाला.

हे पत्र पेटीत टाकून त्याच्याकडे जातोय. काम राहिलं तर उत्तर याच पत्त्यावर धाडा. नाय राहिलं तर उत्तर धाडायची घाई करू नका, भाताच्या झोडणीला मीच येतोय.

आहे तो लोभ वाढता ठेवावा.

तुमचा,
जैतू