कोपऱ्यातलं निळं कॅरेट

३ फेब्रुवारी, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खुशीत आहे. सायखेड्याच्या रस्त्याला द्राक्षांचं पॅकहाऊस, आणि मी तिथली सुपरवायझर. चाळीस बाया कात्र्या घेऊन घडांतले खराब मणी काढतात, मी नुसतं इकडून तिकडे फिरायचं. शेखर म्हणाला, घरी माझ्यावर ओरडण्यापेक्षा तिथे ओरड, उज्वला, तिथे पगार मिळतो.

डॉक्टरीणबाईंनी ही वही लिहायला सांगितली आहे. ताण आधी ओळखायचा, मग आवरायचा. रोज लिहायचं: दहापैकी किती, शरीरात कुठे, कशामुळे. आज तीन. मानेत. बसमध्ये उभं राहिल्यामुळे.

एक गंमत पाहिली. सुटी झाली की प्रत्येक बाई कोपऱ्यातल्या रिकाम्या निळ्या प्लास्टिकच्या कॅरेटवर हात टेकवते, श्वास सोडते आणि मगच चपला घालते. फुलाबाई इथली सगळ्यांत जुनी. ती म्हणाली, शीण घरी न्यायचा नाय ताई, पोरांवर निघतो. मला पटलं. स्नेहल सात वर्षांची आहे, आणि माझा निम्मा शीण तिच्यावरच निघतो.

६ फेब्रुवारी
कंटेनर भरायचा होता. आठ तास उभी. शेवटी ते निळं कॅरेट पालथं घातलं आणि बसले. सगळ्या कात्र्या थांबल्या. फुलाबाई म्हणाली, त्याच्यावर बसू नका, भरलेलं हाय ते. मी हसले. इथे कॅरेटवर कोण बसत नाही? पण उठताना पाठीवर कुणी बसल्यासारखं जड वाटलं.
पाच. पाठीत. उभं राहिल्यामुळे असेल.

८ फेब्रुवारी
उजवा गुडघा. मला गुडघ्याचं दुखणं कधीच नव्हतं. आज फुलाबाई टेम्पोत उडी मारून चढली. बारा वर्षांत पहिल्यांदा, म्हणाली.
सहा. कारण माहीत नाही.

१२ फेब्रुवारी
दिवसभर एकच घोर, पोराचा सुरतेहून फोन का येत नाही. मला पोरगा नाही. जेवणाच्या सुटीत हे शेजारी जेवणाऱ्या मंगलाबाईला हसत हसत सांगितलं. तिच्या हातातला घास तसाच राहिला. सुरतेला तिचा लखन आहे, दिवाळीपासून फोन नाही. आणि सहा दिवस झाले, म्हणाली, मला त्याची आठवणच येत नाय. ती रडायला बघत होती, तिला रडू येईना.
आठ. छातीत. मंगलाबाईचा आहे.

१५ फेब्रुवारी
आता बाया सुटीला त्या कॅरेटकडे जात नाहीत. माझ्या खांद्यावर हात टेकवतात आणि चपला घालतात. रांगेत. मी ओरडले, तर फुलाबाई खाली बघत म्हणाली, ते आता नुसतं कॅरेट हाय, ताई. आम्ही कुठं ठेवायचा?

उतरवायचा कसा, विचारलं. म्हणाली, जिवाच्या माणसानं आपणहून हात ठेवला की त्याच्यात जातो. पूर्वी बयाबाई अशीच बसली होती. ती आठवड्यात बरी झाली. तिची लेक अजून अंथरुणातून उठली नाय.

१७ फेब्रुवारी
नऊ. सगळीकडे. स्नेहलला सांगितलं, आईला ताप आहे, जवळ यायचं नाही. ती दारातच उभी राहिली. शेखरलाही सांगितलं. त्याला वाटतं मी भांडले.

१९ फेब्रुवारी
कामावर गेले नाही. दुपारी बाया तब्येत विचारायला आल्या. एकोणीस जणी. द्राक्षं आणली. जाताना एकेकीने खांद्यावर —
दहाच्या पुढे काय लिहायचं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी
चमचा जड. पेनसुद्धा.
चाळीस जणींचे गुडघे, सासवा, नवरे. माझा कोणता ते सापडत नाही —

२१ फेब्रुवारी
शेखर कामावर. खोलीला आतून कडी लावायची होती, हात वर गेला नाही.
स्नेहल शाळेतून आली. दप्तर टाकलं, थेट आत. म्हणते, आई, डोकं चेपून देऊ?
नको म्हणाले. म्हणाले बहुतेक. आवाज फुटला का —
तिचा हात कपाळावर. गार.
गुडघ्याचं दुखणं गेलं.
पाठ —
किती दिवसांनी श्वास पुरता आला. मंगलाबाईच्या लखनचा घोरही उतरला —
स्नेहल खाली बसली. दमले म्हणते.
हात काढ, असं सांगायचंय तिला. सांगते. एवढी मान सुटू दे, मग लगेच —