दौलतचं सुतक सोडा

गिरगाव, मार्च १९५६

ती. दादांना बकुळाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा? आणि आता हातातले दर्भ खाली ठेवा. आपला दौलत मेलेला नाही. (तारच करणार होते, पण खिडकीवरचा बाबू म्हणाला, "बाई, याच नावाची मयताची तार परवा गेली. आधी घरात काय ते नक्की करा.")

दौलत स्वतःचा सिनेमा काढतो आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल. तोंडाला रंग फासून नकला करणारा भाऊ माझ्यापुरता मेला, असं तुम्ही आठ वर्षांपूर्वीच बजावलंत. स्टुडिओवाले त्याला घेईनात (कुणी म्हणे नाक मोठं, कुणी म्हणे तोंड), म्हणून चार मित्रांनी एका दिवसापुरता भाड्याचा कॅमेरा आणला. नेमकी त्याच दिवशी जमावबंदी. पाच माणसं जमली की पोलीस हाकलणार. प्रेतयात्रेला मात्र वाट देतात, म्हणून यांनी कथेतलं मरण आधी उरकायचं ठरवलं. दौलतला तिरडीवर बांधला, कॅमेरा मागच्या हातगाडीवर गोणपाटाखाली, आणि निघाले लालबागेतून.

आता दादा, लालबागेत हल्ली तिरडी दिसली की माणूस कशानं गेला हे कुणी विचारत नाही. पोलिसांच्या गोळीनंच गेला असणार, असं धरून चालतात. त्यात गिरणीची पाळी सुटलेली. एका चाळीतून दहा माणसं आली, दुसरीतून पन्नास. गुलाल उडाला, घोषणा सुरू झाल्या, खांदेकरी बदलले आणि आपले चौघे कुठल्या कुठे मागे पडले. वाटेत तिरडी टेकवली तेव्हा आपल्या वाडीतला सीताराम हार घालायला वाकला, चेहरा ओळखला आणि रडत थेट तार ऑफिसात पळाला. दौलत पडून. लहानपणी न्हाव्यापुढे दोन मिनिटं न बसलेला हा मुलगा नाकात गुलाल घेऊन तासभर निपचित! (कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आम्हाला स्तब्ध बसण्याचं पुण्य सांगत. भीतीनंही तेच साधतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.)

पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलेलं, तेव्हा निम्मं वजा करा. स्मशानाच्या फाटकाशी तिरडी उतरवली, तशी जाईबाई खानावळवाली त्याच्या तोंडात तुळस घालायला वाकली. आत लाकडं टाकल्याचा आवाज आला. दौलत पुटपुटला, "आजी, मी जिवंत आहे. सिनेमा आहे हा."

"मेल्या!" ती कडाडली. "मग ऊठ की! हजार माणसं रडवलीस!"

गर्दी पुढे सरकली. आता खरंच मारतात, असं वाटून दौलत दोऱ्या सोडवून उठून बसला आणि हात जोडून म्हणाला, "मंडळी, मुंबई महाराष्ट्राला मिळाल्याशिवाय मी मरणार नाही."

ज्यांनी रडत आणला त्यांनीच हसत, नाचवत खांद्यावरून परत नेला. कॅमेऱ्यात काय आलं? गोणपाट.

काल तुमची तार आली, "दहावं इथेच करतो." दौलतनं ती वाचली आणि काही बोलला नाही. आपला दौलत, दादा, दिवसभर बोलला नाही. तेव्हा दहाव्याच्या कावळ्यांना तुम्हीच काय ते समजावा.

तुमची धाकटी बहीण,
बकुळा

ता. क. बुधाजी गावाहून आला. म्हणाला, बातमी कळताच तुम्ही मिशी उतरवलीत. रविवारी तोच प्रसंग पुन्हा घ्यायचा आहे. त्यात थोरला भाऊ मिशी काढून तिरडीमागे चालतो, आणि एकही नट मिशी द्यायला तयार नाही. तुमची गेलीच आहे. येता का?

ता. क. दौलतनं विचारलं, "दादा रडले का गं?" मी हो म्हणून सांगितलं आहे. खोटं असेल तर इथे येऊन त्याच्या तोंडावर सांगा. पत्रानं कळवलेलं चालणार नाही.