अंथरुणाला खिळलेली

आई,

"अर्जदाराची आई अंथरुणाला खिळलेली असून तिची संपूर्ण शुश्रूषा अर्जदार एकटीच करते, सबब तिला बालक दत्तक देणे उचित नाही," असा गृहभेटीचा अहवाल काल आला. वाक्यरचना निर्दोष आहे, मजकूर तेवढा खोटा आहे. ही खिळलेली बाई रोज गच्चीवर चादरी वाळत घालते आणि लिफ्ट बंद असली तर चार जिने चढून भाजी आणते, हे गृहभेटीला आलेल्या त्या समाजसेविकेला कोण सांगणार? मी चहा करायला आत गेले, तेवढ्यात तू अंथरुणातूनच तिला म्हणालीस, "हिच्याशिवाय मला घोटभर पाणीसुद्धा मिळत नाही हो." अहवालात ते अवतरणचिन्हांत छापले आहे.

अपिलाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. तुझे दुखणे मान्य केले, तर ती चार वर्षांची मुलगी मला कधीच मिळणार नाही. नाकारले, तर जन्मदात्रीला खोटारडी ठरवणारा कागद माझ्या सहीने जाईल, आणि संध्याकाळी मला तुझ्याच शेजारी जेवायला बसावे लागेल. इतकी चोख कोंडी मी कुठल्या ग्रंथातही वाचलेली नाही.

मी कॉलेजला जाते. भात कुकरमध्ये आहे, बीपीची गोळी जेवणानंतर घे. अपील टेबलावर ठेवले आहे. त्यात माझे एकही विशेषण नाही. अहवाल वाचून दाखवल्यावर काल तू जे बोललीस, तेच जसेच्या तसे उतरवले आहे. खाली सही करायची की नाही, ते तू ठरव:

"ती पोरगी आली असती तर तू माझी उरली नसतीस, म्हणून मी त्या दिवशी उठलेच नाही."