गुन्ह्याचा रकाना

प्रिय ताई,

हात बरा होतोय ना? आत्या शंभर लेप सुचवेल, तू डॉक्टरांनी दिलेलं मलमच लाव. इथे माझी लष्करातल्या अधिकारी भरतीची तयारी चालू आहे. सकाळी पळणं, दुपारी बाबांबरोबर दुकानात इस्त्री, संध्याकाळी मेजरसाहेबांकडे मुलाखतीचा सराव. ते निवृत्त आहेत, पण त्यांच्या दारात पोरं पायपुसण्यावरही टाचा जुळवून उभी राहतात. परवा त्यांनी विचारलं, राग आल्यावर तू काय करतेस? मी पाठ केलेलं उत्तर दिलं, शांत राहून परिस्थितीचा विचार करते. माझ्या सोललेल्या बोटांकडे बघून ते म्हणाले, "परिस्थिती बरीच टणक होती वाटतं." सगळे हसले, मीही हसले. मग बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं.

डोळे मिटले की मला तेच दिसतं. दुकानाचं शटर अर्धं खाली, आणि तुझ्या नवऱ्याने तुझं मनगट पिरगळून तापलेली इस्त्री तुझ्या दंडावर टेकवलेली. तू ओरडली नाहीस, नुसते ओठ दाबलेस. कातडी जळल्याचा वास आला आणि मी शटर ओढायची लोखंडी सळई उचलली. पहिल्याच फटक्यात त्याचा हात मोडला, आवाज ऐकू आला मला. इस्त्री खाली पडली होती, तिथेच थांबायला हवं होतं. मी त्याच्या तोंडावर बुक्क्या मारत राहिले. त्याचा दात माझ्या बोटात रुतला, रक्त कुणाचं ते कळेना, शेवटी बाबांनी केस धरून मला मागे ओढलं. ताई, त्याला मारल्याचं मला वाईट वाटत नाही. पण अंगात जोर असलेल्या माणसाने कुठे थांबायचं, हे मला शिकायचंय, आणि ते फौजेत शिकवतात असा माझा विश्वास आहे. तू याला भाबडेपणा म्हणशील. म्हण.

रविवारी तो त्याच्या मामांना घेऊन दुकानात आला. हात गळ्यात, ओठाला टाके. मी आता त्याला भाऊजी म्हणत नाही. मामा म्हणाले, ताईला नांदायला पाठवा, धाकटीवरची पोलीस तक्रार आम्ही मागे घेतो. बाबांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. घरातली पहिली पदवीधर अधिकारी होणार, एवढंच त्यांना दिसत होतं. रात्री आईने रडत सांगितलं की तू कबूल झालीस, बॅगसुद्धा भरलीस. फोनवर तू तिला म्हणालीस म्हणे, "माझं काय, मला सवय आहे. छोटीचा अर्ज स्वच्छ राहू दे."

म्हणून हे पत्र. अर्जात एक रकाना आहे, तुमच्याविरुद्ध कुठला गुन्हा दाखल आहे का? मी ‘होय’ लिहिलं. खाली काय केलं, का केलं, तेही लिहिलं, हात मोडल्यानंतरच्या बुक्क्यांसकट. काल अर्ज गेला. निवड होईल का, हे मेजरसाहेबांनाही सांगता येईना. पण तुझ्या बदल्यात द्यायला आता त्याच्याकडे काहीच उरलेलं नाही. बुधवारी मी येते. आपण दोघी चौकीत जाऊ, तू दंड दाखव आणि त्याचं नाव सांग. बाबा चिडतील, त्यांना मी बघते. तू तेवढे बॅगेतले कपडे काढून पुन्हा आत्याच्या कपाटात ठेव.

तुझं बोट धरून चालायला शिकलेली, तुझीच
छोटी