खारवलेला अननस

वेसावे, अंधेरी
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

प्रिय समूताई,

तुला आणि निमेशभाऊजींना नमस्कार. मुलुंडला अजून थंडी आहे का? इकडे दुपारचं ऊन अंगावर घेऊन बसावंसं वाटतं.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते, नाहीतर मला चैन पडणार नाही. अननसाचा केक छान झाला आणि आईने तीन तुकडे खाल्ले, असं मी लिहिलं होतं. आईने तीन तुकडे खाल्ले हे खरं आहे. केक छान झाला नव्हता.

ओव्हन आपल्याकडे अजूनही नाही. तोच जुना कुकर, शिट्टी आणि रिंग काढलेला. तळाला जाडं मीठ, मिठावर उपडी वाटी, वाटीवर स्टीलचा डबा. डब्यात आधी साखर तांबूस करायची, तिच्यावर अननसाच्या चकत्या, मग वरून पीठ. तू शिकवलंस तसंच. गॅस मंद केला की मी उंबऱ्यात बसते. बाहेर काठ्यांवर टांगलेले बोंबील वाऱ्याने हलत असतात, त्यांच्या सावल्या भिंतीवरून पोहत जातात, आणि सगळं घरच पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी केकच्या मिठाचा डबा रिकामा होता. मोरीजवळच्या पिंपातलं ओंजळभर मीठ मी घेतलं. ते पिंप खाऱ्या बांगड्यांचं. मीठ ते मीठ, असं वाटलं मला! उंबऱ्यात जरा डोळा लागला. स्वप्नात अननसाचा वास पिवळ्या शिडाची होडी होऊन खाडीकडे निघाला होता. जागी झाले ती शेजारच्या सरूकाकीच्या हाकेने.

“काय गो रोशनी, केक भाजतेस का बांगडे? माझी मांजर खुळी झालीय!”

खरंच ताई, सगळ्या घरात खाऱ्या माशाचा घमघमाट होता. केक तर तोंडाजवळ नेववेना. तेवढ्यात आई बाजारातून आली. पाटी खाली ठेवली, हात धुतले, एक तुकडा तोडला, डोळे मिटले आणि म्हणाली, “कवरा गोड वास सुटलाय गो बाय अननसाचा!”

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी हसले. तिने दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा.

हे मी तुला लिहिलं नव्हतं. फोनवरही बोलता येत नाही, कारण तुझा फोन आला की आई शेजारी येऊन बसते. तुला दिसत नाही म्हणून सांगते, त्याआधी ती हाताला लिंबू चोळते. भाऊजींच्या घरचे तुला बघायला आले होते तेव्हा तू तिला म्हणाली होतीस, “तू आतच बस, हातांना वास येतो.” तेव्हापासूनची ही सवय. ती तुझ्यावर रागावलेली नाही. फक्त लिंबू चोळते आणि माझ्यापुढे हात करून विचारते, “गेला का गो?”

रोज विचारते. मला वाटायचं, मनातली शंका आहे. केक झाला त्या दिवशी कळलं की तिला खरंच कळत नाही. तिला कसलाच वास येत नाही, ताई.

मी विचारल्यावर आधी चिडली. “नाकाला काय धाड भरलीय माझ्या?” मग म्हणाली, दिवाळीपासून असंच आहे. कल्ले बघून, बोटाने दाबून ती मासळी विकते. परवा एका जुन्या गिऱ्हाईकाने पापलेट परत आणून टोपलीत टाकलं आणि सगळ्या बाजारासमोर तिला बोल लावले. आई भांडली नाही. आपली आई, आणि भांडली नाही! घरी येऊन म्हणाली, “उद्यापासून तू बस बाजूला. वास तू घे, भाव मी करते.” आणि तुझ्याबद्दल म्हणाली, “समूला नको सांगू. ती बोलली त्याचा शाप लागला, असं तिला वाटेल.”

मी शब्द दिला होता. तो आता मोडतेय. तसं काही नसतं हे तुलाही माहीत आहे, तरी तू रडशील हेही मला माहीत आहे.

गुरुवारी बाजार थंड असतो, म्हणून त्या दिवशी मी तिला अंधेरी स्टेशनजवळच्या नाक-कानाच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. ती नाही म्हणाली तरी नेणार. सकाळी आधी अननसाचा केक लावीन, दुकानातून आणलेल्या कोऱ्या मिठावर. परत येऊ तेव्हा तिला त्याचा वास येईल, असं मला उगाचच वाटत राहतं.

तू ये असं मी म्हणत नाही. पण आलीस तर निघण्याआधी ती लिंबू चोळेल आणि हात पुढे करून विचारेल. मी रोज “गेला” म्हणते आणि ते खोटं असतं. त्या दिवशी तिचे हात तू हातात घे. काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

तुझी वाट बघणारी, आणि तू नाही आलीस तरी सकाळी दहाला आईला घेऊन निघणारी,

रोशनी

ता. क. डॉक्टरांकडे जायचा दिवस: गुरुवार, १२ फेब्रुवारी.